स्लोला बंद पडणारी ऑम्नी आणि जड झालेला ब्रेक

इंजिन म्हटलं की आपल्याकडे होडीचंच बोलणं होतं. पण होडीतून निघालेला मासा बाजारापर्यंत जातो तो चारचाकीतून, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांकडे ही चारचाकी म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची ऑम्नी नाहीतर मारुती आठशे. आमच्याकडेही १९९९ ची कार्ब्युरेटरवाली ऑम्नी आहे. मधली आणि मागची सीट काढून टाकलेली, खाली पत्रा, त्यावर क्रेट. कारंजा धरणावर ब्यालहळ्ळीच्या बाजूला पहाटे जाळी निघाली की बर्फ टाकायचा आणि भालकी, कधी उदगीर, कधी बीदर.

दोन वर्षांपूर्वी ही गाडी चार महिने आमच्या डोक्याला ताप झाली होती. त्यातून जे शिकलो ते लिहितोय. आळंदकडे अमरजा धरणावर, अफझलपूरला भीमेवर, बेन्नेथोऱ्यावर मासा उचलणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार ऐकलीय, म्हणून जरा सविस्तर.

लक्षण असं होतं. सकाळी गार गाडी एका सेल्फमध्ये सुरू. चार-पाच किलोमीटर काही नाही. इंजिन तापलं की मग नाटक सुरू. स्पीड ब्रेकरला पाय उचलला की स्लो खाली खाली जाऊन गाडी बंद. परत सेल्फ मारून अॅक्सिलरेटर दाबला की एक क्षण दम खाते, झटका देते आणि मग पळते. एकदा पळायला लागली की साठच्या स्पीडला काही तक्रार नाही. उदगीरच्या वाटेवर रेल्वे गेटला थांबलो की मी उजवा पाय रेसवर ठेवूनच बसायचो.

यात पैसा कसा जातो ते ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं. उन्हाळ्यात बर्फ वितळायला वेळ लागत नाही. एक दिवस दोन ठिकाणी गाडी बंद पडली, सेल्फ मारून बॅटरी बसली, धक्का मारायला माणसं मिळेपर्यंत पाऊण तास गेला. बाजारात पोचलो तर मोठे गिऱ्हाईक घेऊन निघून गेलेले. कटला मऊ पडलेला. किलोमागे वीस रुपये तुटले आणि वर ऐकून घ्यावं लागलं.

मग सुरू झाला इलाज. पहिल्या गॅरेजात तिन्ही प्लग नवे घातले. दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्याने कार्ब्युरेटर उतरवून धुतला, जेट फुंकले. चार दिवस बरं. तिसऱ्याने पेट्रोलला दोष दिला आणि स्क्रू फिरवून स्लो वाढवून दिला. गाडी बंद पडायची थांबली, पण उभ्या गाडीत इंजिन बोंबलायला लागलं, पेट्रोल पाण्यासारखं जायला लागलं आणि क्लच सोडला की गाडी उडी मारायची. चौथा म्हणाला, कार्ब्युरेटर बदला, पाच-सहा हजार लागतील. मी बदलणारच होतो.

या सगळ्या काळात अजून एक गोष्ट होत होती आणि तिचा याच्याशी काही संबंध असेल असं आमच्या कोणाच्या मनात आलं नाही. ब्रेक जड झाला होता. पेडल दगडासारखं. वडील म्हणायचे, लायनर झिजले असतील, दिवाळीला बघू. एका पहाटे भरल्या गाडीपुढे वळणावर म्हशी आल्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पेडलवर उभा राहिल्यासारखा पाय दिला तेव्हा शेवटच्या म्हशीच्या शेपटीजवळ गाडी थांबली. मागचे क्रेट सगळे पुढे आले. मी आणि शेजारी बसलेला चुलतभाऊ, दोघंही कितीतरी वेळ बोललो नाही.

त्यानंतर कोणीतरी हुमनाबाद रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. दुकान म्हणजे लिंबाचं झाड आणि एक पत्र्याची पेटी. त्यांनी दहा मिनिटं गाडीला हातच लावला नाही, नुसते दखनीत प्रश्न विचारत बसले. “बंद कब होती? ठंडी में की गरम में? भागते वक्त झटका मारती क्या? चढाव पे? लाइट लगाए तो? बारिश में ज्यादा?” मी सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, “ब्रेक कैसा है?” मी चमकलो. म्हटलं, जड आहे. ते हसले. “गाडी हवा खा री.”

सीट उचलली. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे तुम्हाला माहीत आहे. इंजिन गरम, स्लोला फडफडत होतं. मॅनिफोल्डवरून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाइप त्यांनी मुळाजवळ फडकं गुंडाळून पक्कडीने दाबला. इंजिनचा आवाज लगेच एकसारखा झाला. सोडला की परत फडफड. पाइप काढून उलटा केला तर पोटाच्या बाजूला, जिथे तो पत्र्याच्या क्लिपला घासत होता तिथे, बोटभर लांब चीर. वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही अशी. चार गॅरेजं आणि चार महिने या चिरेपायी गेले. नवा पाइप दोन-अडीचशे रुपयांचा.

आता यातलं का आणि कसं नीट समजून घेऊ, कारण तुमच्या गाडीत हाच पाइप फाटलेला असेल असं नाही.

इंजिन म्हणजे एक मोठा हवेचा पंप आहे. स्लोला कार्ब्युरेटरचं झाकण, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद असतं. इंजिन जोरात ओढतंय आणि वाट बारीक, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. त्याच ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. अशा वेळी कुठे चीर असेल तर तिथून फुकटची हवा आत येते. या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होतं, ठिणगी पडली तरी पेटत नाही, इंजिन बंद. गाडी साठने पळते तेव्हा थ्रॉटल उघडं असतं, हवाच इतकी जाते की चिरेतली हवा त्यात जाणवत नाही. म्हणून पळताना ठीक आणि थांबताना बंद.

आणि गार असताना ठीक का? कारण गार इंजिनला चोक लागलेला असतो. चोक जादा पेट्रोल देतो, चिरेची हवा त्यात खपून जाते. इंजिन तापलं, चोक सुटला की खरं रूप दिसतं. शिवाय गरम रबर मऊ होतं, चीर जास्त उघडते. मिस्त्रींनी एवढे प्रश्न विचारले ते यासाठी. कधी होतं, हे कळलं की अर्धा आजार कळला.

आपल्या डॉक्टरांसारखं आहे बघा. ताप सकाळी येतो की संध्याकाळी, हे आधी विचारतात.

तेव्हा गाडी गॅरेजला नेण्याआधी चार दिवस नुसतं लक्ष ठेवा आणि लिहून ठेवा. स्लोलाच बंद पडत असेल आणि रेसवर ठीक असेल तर हवा शिरतेय, नाहीतर कार्ब्युरेटरच्या स्लो जेटमध्ये कचरा. काही कार्ब्युरेटरवर एक छोटा सोलेनॉइड असतो, चावी बंद केली की स्लोचं पेट्रोल तोडणारा. त्याची वायर सैल झाली तरी पाय उचलताच गाडी बंद होते. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन-ऑफ करा, टक् असा बारीक आवाज यायला हवा. आवाज नाही तर आधी वायर बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यापायी लोकांनी अख्खे कार्ब्युरेटर बदललेत.

अॅक्सिलरेटर दाबताच पहिला एक क्षण दम खात असेल आणि स्लो मात्र चांगला बसत असेल, तर अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम बघा. इंजिन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्चने कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा. पेट्रोलची बारीक पिचकारी लगेच उडायला हवी. नुसती ओघळली किंवा उडालीच नाही तर डायफ्राम गेला. बघताना बिडी हातात नको, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

चढावर किंवा भरल्या गाडीत, लांब पल्ल्याला हळूहळू जीव सोडत असेल तर पेट्रोल पोचत नाही. इथे आपण होडीवाले बाकीच्यांपेक्षा हुशार असायला पाहिजे. आउटबोर्डच्या सुट्ट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरलो की इंजिन थोडं चालून बंद पडतं आणि पाइपवरचा रबरी गोळा चपटा होतो. आपण हे पोराटोरांनाही शिकवतो. गाडीच्या टाकीलाही हवा आत घ्यायची वाट लागते. ती चिखलाने बुजली की तेच होतं. गाडी जीव सोडायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी नीट पळाली, तर रोग सापडला. नाहीतर पेट्रोल फिल्टर, टाकीतली जाळी, पंप, या क्रमाने. फिल्टर स्वस्त असतो, उजेडात धरून बघत बसू नका, बदला.

पावसात किंवा दवात जास्त त्रास होत असेल तर ठिणगीकडे बघा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला केसासारखी चीर गेली की ओलाव्यात करंट भलतीकडे पळतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर नजर टाका. निळ्या ठिणग्या वायरीबाहेर नाचताना दिसल्या तर वायर गेली. हात लावू नका. झटका चांगलाच बसतो.

प्लग काढून त्याचा रंग बघणं जुनंच शास्त्र आहे, पण अजून उपयोगी. विटकरी-तपकिरी चांगला. काजळीसारखा काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जादा किंवा एअर फिल्टर बुजलेला. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ. काळा आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल खातंय, तिथे कार्ब्युरेटर धुऊन काही होणार नाही. आमचे प्लग पांढरे होते. पहिल्याच गॅरेजात ते काढून नवे घातले आणि जुने भंगारात फेकले. कोणी रंग बघितला असता तर तिथेच विषय संपला असता.

आपल्या भागाचं म्हणून थोडं वेगळं सांगतो. कलबुर्गीकडची काळी माती आणि बीदरकडची लाल माती, दोन्ही एअर फिल्टरची दुश्मन. तुरीच्या राशी सुरू असतात त्या दिवसांत रस्त्यावर काय भुसा आणि धूळ असते ते तुम्ही बघता. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर जाऊ नका, फिल्टर मधूनमधून काढून बघा. दुसरं, उन्हाळा. कलबुर्गीचा पारा चाळीसच्या वर जातो, त्यात इंजिन सीटखाली कोंडलेलं. गरम गाडी दहा मिनिटं उभी करून परत सुरू केली की फडफडते, ती पेट्रोलची नळीतच वाफ झाल्यामुळे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या नळीला चिकटून गेली नाही ना, तेवढं बघा. बाकी सावलीत थांबणं हा त्यावरचा खरा उपाय.

तिसरं खास आपलं, मासेवाल्यांचं. क्रेटमधून बर्फाचं पाणी खाली गळतं, पत्र्याच्या सांध्यातून उतरतं आणि बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्ट केलेली असते तिथे गंज धरतो. मग लाइट लावली की स्लो खाली जातो, इंडिकेटर लावला की इंजिन त्याच तालावर हलतं. लोक कार्ब्युरेटर उघडतात. आधी अर्थचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, परत आवळा, वरून ग्रीस लावा. क्रेटखाली जाड ताडपत्री घालून पाणी मागच्या दारातून बाहेर काढलं तर हा प्रश्नच येत नाही.

आता पेट्रोल. तिसऱ्या मिस्त्रीने पेट्रोलला दोष दिला तो अगदीच हवेतला नव्हता. २०२२ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांवर आलं, २०२३ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूमधून २० टक्क्यांचं पेट्रोल सुरू झालं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. आपल्या भागात ऊस आहे, कारखाने आहेत, इथेनॉलला नावं ठेवून चालणार नाही. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला त्याचे तीन परिणाम होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. नवी गाडी सेन्सरवरून ते सांभाळून घेते, कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही. दुसरं, जुन्या गाडीचे रबरी पाइप, डायफ्राम, वॉशर या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, कडक होतात, तडकतात. तिसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून पावसाळ्यात मासेमारी बंद असताना गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. तुमच्याकडे पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड असेल तर त्यालाही हेच लागू. पेट्रोलच्या नळ्या बदलताना दुकानदाराला इथेनॉलला चालणारी नळी मागा.

२००० नंतरच्या बऱ्याच गाड्या एमपीएफआय आहेत. त्यांना जेट नाही, स्क्रू नाही. त्यांच्यात स्लो बिघडला की थ्रॉटल बॉडीत साठलेला कार्बन आणि स्लोची हवा सांभाळणारा आयएसी व्हॉल्व्ह हे पहिले संशयित. दोन्ही साफ करता येतात. पेडल दाबताना एका ठरावीक जागी दचकत असेल तर थ्रॉटलचा सेन्सर तिथे घासलेला असतो. चेक लाइट पेटत असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडेच न्या. पण चीर पडलेला पाइप स्कॅनरला सरळ दिसत नाही, तिथे पुन्हा कान आणि हातच लागतात. आणि एक, या गाड्यांत इंजिन चालू असताना प्लगची वायर उपसून मिसिंग शोधायची जुनी सवय नको, कॉइल आणि सायलेन्सरमधला कन्व्हर्टर दोन्ही खराब होतात.

पीयूसी काढायला जाता तेव्हा कागद नुसता खिशात घालू नका, आकडे बघा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जादा जातंय. तो कमी पण हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, मिसिंग आहे. एवढ्या पैशात एवढी तपासणी दुसरीकडे होणार नाही.

सगळं बघून झालं, तरी एका सिलिंडरला जीव नाही, गाडी तीनपैकी दोनवरच चालल्यासारखी थरथरते, तर टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनवर कार्ब्युरेटरचा खर्च करणं म्हणजे फाटक्या जाळ्याला नवी दोरी.

स्लोचा स्क्रू फिरवणं शेवटी. आणि फिरवण्याआधी तो किती आटे बाहेर आहे ते मोजून भिंतीवर खडूने लिहा, म्हणजे परत येता येतं. आमच्या गाडीत पाइप बदलल्यावर स्लो इतका वर गेला की मिस्त्रींना आधीच्याने फिरवलेलं सगळं उलटं फिरवावं लागलं.

दोन धोक्यांचं कळकळीने सांगतो. गळती शोधायला पाइपांवर पेट्रोल किंवा थिनर शिंपडणारे आहेत. गरम इंजिन, बाजूला ठिणगी, आणि ऑम्नीत ते सगळं तुमच्या सीटखाली. असं कोणी करायला लागलं तर गाडी घेऊन परत या. पाइप दाबून बघा, नाहीतर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक सांध्यांजवळ फिरवा, फुसफुस ऐकू येते. तसंच सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. ज्वाला उलटी आली की तोंडावर येते. आणि घरच्या गॅसच्या सिलिंडरवर गाडी चालवणारे अजूनही काहीजण आहेत, त्यांना काय म्हणायचं. ते बेकायदा आहे हे एक झालं, पण शेजारी पोरगं बसलेलं असतं हो.

ब्रेकची तपासणी आजच करा, एक मिनिट लागतं. बूस्टर असलेली गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर, त्याचा वन-वे व्हॉल्व्ह किंवा पाइप यात दोष आहे, आणि स्लो बिघडला असेल तर बहुधा तोही तिथूनच. नवा पाइप घेताना बूस्टरचाच मागा. पाण्याचा किंवा पेट्रोलचा पातळ पाइप बसवला तर तो इंजिनच्या ओढीने आत चपटा होतो, आणि ब्रेक पुन्हा जड.

आमच्या गाडीला तो पाइप घालून दीड वर्ष झालं. मिस्त्रींनी क्लिपच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दिलाय, पाइप पत्र्याला घासू नये म्हणून. मजुरी किती विचारली तर म्हणाले, पुढच्या वेळी येताना मरळ आण. दोन किलोची नेऊन दिली.